गाडीची मागची बाजू

"दोन दे, मास्तर," बाजीराव म्हणाले.

मी त्यांच्या गाडीच्या पाठीमागे उभा होतो. घंटी नव्हती, दोरी नव्हती, प्रवासी तर नव्हतेच. होती ती बॅटरीवर चालणारी एक चार चाकांची खुर्ची, तिला पुढे एक मूठ आणि मुठीखाली तारेची टोपली. तरीही मी तोंडाने "टिंग टिंग" असा आवाज काढला आणि मगच बाजीरावांनी उजव्या अंगठ्याने पट्टी दाबली. गाडी मांजराच्या पावलांनी पुढे सरकली.

ओट्यावर उभी असलेली त्यांची सून माधुरी हसू लागली. "आण्णा, ही काय एसटी आहे का?"

"वाहन हाय न्हवं? मग रीत एकच," बाजीराव मान न वळवता म्हणाले. "म्होरलं माझं, मागलं त्याचं. मागं बघत बसला त्यो ड्रायव्हर कसला?"

या गोष्टीस आता अकरा वर्षे होऊन गेली. माझे शिक्षण जुन्या सातवीपर्यंतच झालेले आहे, तरी जे घडले ते जसेच्या तसे मांडण्याचा मी यत्न करीत आहे. बाजीराव सपकाळ हे एसटीमध्ये चालक होते आणि मी, सोपान घाडगे, वाहक होतो. वाहकास आमच्याकडे सर्वजण 'मास्तर' म्हणतात, तसे तेही मला म्हणत. नोकरीची अखेरची सतरा वर्षे आम्ही दोघांनी एकाच गाडीवर काढली. घाटात, धुक्यात, जत्रेच्या गर्दीत मी दोन घंट्या दिल्या की ते निघत आणि एक दिली की थांबत. दार लागले की नाही, कुणाचे लेकरू खाली राहिले की काय, हे त्यांनी मला कधीही विचारले नाही. ते माझे काम होते. एकतीस वर्षांच्या सेवेत त्यांच्या हातून एकही अपघात घडला नव्हता आणि त्याबद्दल मिळालेला बिल्ला त्यांनी देव्हाऱ्याच्या बाजूला खिळ्यास टांगला होता.

निवृत्तीनंतर साखरेच्या विकाराने त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. लाकडी पाय बसवून पाहिला, परंतु जखम होऊ लागली. साताऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत आमची पेठ. दारातून बाहेर पडले की उतार आणि परतताना चढ. कुबड्यांवर तो माणूस फाटकापलीकडे जाऊ शकेना. दोन वर्षे ते ओट्यावर बसून राहिले. तेव्हा त्यांच्या सैन्यात असलेल्या मुलाने, विक्रमने, पुण्यातील एका ओळखीच्या गृहस्थांकडून ही वापरलेली गाडी मिळवून घरी पाठविली.

तिच्याबरोबर इंग्रजी पुस्तक आले होते. माधुरी प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिने ते चार रात्री वाचले आणि पाचव्या दिवशी आम्हा दोघा म्हाताऱ्यांना समोर बसवून शाळेतल्या मुलांना शिकवावे तसे शिकविले.

"किल्ली बंद असल्याशिवाय गाडीवर बसायचं नाही आणि उतरायचं नाही. पट्टी दाबली की चालणार, सोडली की आपोआप थांबणार. वेगळा ब्रेक नाही. कळलं?"

"ब्रेक न्हाई? ही कसली गाडी?" बाजीराव म्हणाले.

"पट्टी सोडणं हाच ब्रेक. या बटणावर एका बाजूला कासव आहे, दुसऱ्या बाजूला ससा. तुम्ही कासवावर."

"म्हंजे जल्मभर ससा आन् आता कासव."

"उतारावर गाडी सरळ ठेवायची. आडवी घेतली तर उलटते. वळताना आधी वेग कमी. मुठीला पिशव्या अडकवायच्या नाहीत." मग ती गाडीच्या मागे गेली आणि आसनाखालची एक लाल दांडी तिने मला दाखविली. "काका, हे तुमच्यासाठी. दांडी वर असली की चाकं मोटरला जोडलेली. खाली केली की मोकळी. गाडी हाताने ढकलायची असेल तेव्हाच खाली करायची. दांडी खाली असताना मोटर गाडीला धरत नाही. तेव्हा वर कुणी बसायचं नाही. कधीच नाही."

"मागलं हाय, म्हंजे मास्तरचं," बाजीराव म्हणाले आणि त्यांनी त्या दांडीकडे पाहिलेसुद्धा नाही.

तिने शेवटी एक अट घातली. एक महिना मी गाडीच्या मागे चालायचे. त्या महिन्यात काही गडबड झाली नाही, तर पुढे आण्णांनी कुठेही एकट्याने जावे, ती अडविणार नाही. झाली, तर गाडी पुण्यास परत.

"तुम्हाला एकट्यानं एवढं जायचंय तरी कुठं?" तिने विचारले.

बाजीरावांनी हनुवटीवरून हात फिरविला. गेली दोन वर्षे खाली नाक्यावरचा न्हावी दर आठवड्याला घरी येऊन त्यांची दाढी करीत असे. त्या वेळी ते भिंतीकडे तोंड करून बसत, हे मी अनेकदा पाहिले होते.

"माणसानं दाढीला तरी एकट्यानं जावं," ते म्हणाले.

माधुरीने मान खाली घातली आणि इंग्रजी पुस्तक मिटले.

महिना उत्तम चालला. पहाटेचे फिरणारे लोक परतू लागले की आम्ही निघत असू. माझे काम ठरलेले होते. लाल दांडी खाली करावयाची, गाडी पडवीतून ढकलीत अरुंद फाटकातून बाहेर आणून गटाराच्या फरशीवर उभी करावयाची, दांडी वर करावयाची, आणि मग हाक मारावयाची. बाजीराव कुबड्या टाकीत येत, बसत, कुबड्या मागच्या पट्ट्यात अडकवून देण्यासाठी माझ्या हाती देत. फरशीच्या कडेला गाडीची लहान चाके अडत, म्हणून दोन घंट्या दिल्यावर मी आसनाच्या पाठीस हलकासा हात लावीत असे. एवढे झाले की उरलेला रस्ता त्यांचा.

पेठेतील लोकांना आम्ही करमणूक झालो होतो. कोपऱ्यावरची मेथी-कोथिंबीर विकणारी रखमाबाई रोज ओरडून विचारी, "काय सपकाळ, जागा हाय का गाडीत?"

"खिडकीची भरली. मास्तरला विचार," बाजीराव म्हणत.

"उभ्यानं येते की!"

"उभ्याचं तिकीट न्हाई. कासवावर हाय गाडी."

त्यांचा चेहरा पालटला होता. शर्टास इस्त्री होऊ लागली. एके दिवशी त्यांनी जुनी खाकी टोपी काढून आणली आणि तेव्हापासून ती डोक्यावर असल्याखेरीज ते निघेनासे झाले.

माझ्याविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. मी विधुर. माझा मुलगा सुरतेस. सकाळी सातपासून साडेआठपर्यंतचा तो दीड तास सोडला, तर दिवसभरात माझ्याशी बोलणारे फारसे कुणी नव्हते. फिरून आलो की माधुरी मला नाश्त्यास बसवी. महिना संपत आला तसे बाजीराव आनंदित होत होते आणि मी दिवस मोजीत होतो. या दोन मोजण्यांत काय अंतर आहे, ते त्या वेळी मी स्वतःलाही सांगितले नव्हते.

तिसावा दिवस उजाडला. मी गाडी फरशीवर आणून उभी केली. तेवढ्यात आतून माधुरी ओरडली, "काका, आण्णांची टोपी राहिली बघा! खुंटीवर आहे. माझे हात पिठाचे आहेत."

मी आत गेलो. टोपी खुंटीवर नव्हती, खिडकीत होती. ती घेऊन बाहेर आलो तो बाजीराव गाडीवर बसूनही झाले होते आणि कुबड्या मांडीवर आडव्या धरून वाट पाहत होते.

"शेवटच्या फेरीला उशीर, मास्तर. डेपोत बोलणी बसतील."

मी टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली, कुबड्या मागे अडकविल्या आणि म्हणालो, "टिंग टिंग." आसनास हात लावला. गाडी फरशीवरून उतरली आणि पीं पीं असा आवाज करू लागली. चार्जिंग कमी झाले तरीही ती तसाच आवाज करीत असे, म्हणून आम्ही दोघांनीही तिकडे लक्ष दिले नाही.

वीसएक पावले गाडी बरी गेली. नंतर ती माझ्या चालीपेक्षा पुढे पडू लागली. मी म्हणालो, "कासव करा, कासव!"

"कासवच हाय!"

"मग पट्टी सोडा!"

"सोडली की गा! थांबंना!"

मी धावू लागलो. चौसष्ट वर्षांचा माणूस चपलांनिशी जितका धावेल तितका. आसनाची पाठ माझ्या बोटांपासून हातभर पुढे होती, मग दोन हात, मग चार. पुढे रस्ता उजवीकडे वळत होता आणि त्या वळणावर रखमाबाई पाटी मांडून बसली होती. बाजीरावांचा खांदा किंचितही हलला नाही. त्यांनी गाडी सरळ ठेवली. "रखमे, ऊठ!" एवढीच एक आरोळी ठोकली. ती कोथिंबिरीच्या जुड्या तशाच टाकून भिंतीला चिकटली. डाव्या हाताला एका घराचे बांधकाम चालले होते व त्यासमोर वाळूचा ढीग होता. बाजीरावांनी मूठ अंगठाभर डावीकडे केली आणि गाडी त्या ढिगात नेऊन घातली.

मी पोहोचलो तेव्हा ते आसनावरच होते. टोपी वाळूत पडली होती. डावे मनगट त्यांनी पोटाशी धरले होते.

"लागलं का? कुठं लागलं?"

ते माझ्याकडे पाहत नव्हते. ते आपल्या उजव्या अंगठ्याकडे पाहत होते.

"मेल्या, रणगाडा हाय का काय त्यो!" रखमाबाई धापा टाकीत आली. मग त्यांचा चेहरा पाहून तिचा आवाज खाली आला. "पाणी आणू का?"

"म्या सोडली व्हती," बाजीराव म्हणाले. "मास्तर, म्या पट्टी सोडली व्हती. मला तर तसंच वाटलं."

"होय."

"मग थांबली का न्हाई?"

दोन गवंडी आले व आम्ही बाजीरावांना उचलून कट्ट्यावर बसविले. मनगट मुरगळले होते, मोडले नव्हते. गाडी घरी ढकलीत नेणे भाग होते. मी तिच्या मागे गेलो, वाकलो आणि लाल दांडी खाली करण्यासाठी हात घातला.

दांडी खालीच होती.

मी तशाच वाकलेल्या स्थितीत किती वेळ होतो, ते मला सांगता येणार नाही. पडवीतून बाहेर काढताना ती मी खाली केली होती. फरशीवर आणल्यावर वर करावयाची होती. त्याच क्षणी टोपीची हाक आली होती. मागे वळून पाहिले तर बाजीराव कट्ट्यावर बसून अंगठा उघडीत होते, मिटीत होते, पुन्हा उघडीत होते.

मी काहीही बोललो नाही. गाडी ढकलीत चढाने वर आलो.

त्या दिवशी संध्याकाळी विक्रमचा फोन आला. माधुरी बोलत असताना मी ओट्यावर होतो. "नाही, फार लागलेलं नाही... नाही हो, त्यांची चूक नाही म्हणता येणार, वय झालंय... हो, तेच ठरलं होतं. रविवारी टेम्पो आला तर बरं." फोन ठेवून ती बाहेर आली. तिचे डोळे लाल होते. "काका, तुम्ही होता म्हणून निदान लगेच पोहोचलात. तुमचे उपकार आहेत."

माणसाने गप्प बसण्यासाठी जी कारणे शोधावीत ती सर्व मला एकाच रात्रीत सापडली. माझ्याही सेवापुस्तकात एक ओळ लाल नव्हती. सत्य सांगितले तरी गाडी जाणार ती जाणारच, कारण अट गडबडीची होती, कुणाच्या चुकीची नव्हती. आणि माधुरी मला पुन्हा त्या घरात येऊ देणार नाही. हे शेवटचे कारण मी सर्वांत मागे ठेवले होते, परंतु तेच सर्वांत मोठे होते.

रोज सकाळी मी जात राहिलो. पहिल्या दिवशी बाजीरावांनी माझ्याशी पुष्कळ बोलून झाल्या प्रकाराचा छडा लावण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी कमी बोलले. तिसऱ्या दिवशी मी पाहिले की ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरीत आहेत.

"मनगट दुखतंय का?" मी विचारले.

"डावं दुखतंय. उजव्याचा भरवसा न्हाई," ते म्हणाले. "ह्यो अंगठा ऐकत न्हाई, मास्तर. मी म्हणतो सोड, त्यो दाबून धरतो. मला कळतबी न्हाई. पाय गेला तवा कळलं तरी."

चौथ्या दिवशी न्हावी आला. बाजीरावांनी भिंतीकडे तोंड केले. दाढी झाल्यावर ते माधुरीला म्हणाले, "सूनबाई, देवापुढचा दिवा आजपास्नं तूच लावत जा. हातातनं काडी पडायची एकांद्या वक्ताला."

"आण्णा, तुमचा हात चांगला आहे. डॉक्टर म्हणाले ना?"

"डॉक्टर गाडीवर न्हवता."

शनिवारी त्यांनी मला नेहमीपेक्षा लवकर बोलाविले. समोर एक पाटी, तिच्यावर रेघांचा कागद, शेजारी पेन. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. देव्हाऱ्याजवळचा बिल्ला खिळ्यावरून काढून त्यांनी पाटीजवळ ठेवला होता.

"बस. जबाब लिव्ह."

"कसला जबाब?"

"अपघाताचा. उद्या गाडी जाणार. डेपो असता तर दोघांचे जबाब घेतलेच असते. हितं कोण घेणार? तुझं अक्षर चांगलं हाय, तू लिव्ह, मी सही करतो. बिल्ल्याबरुबर ट्रंकेत ठिवायचा. खोटा बिल्ला भिंतीला नगं."

"बिल्ला एसटीचा आहे. त्याचा याच्याशी काय संबंध?"

"मास्तर, वाद घालू नगंस. लिव्ह."

मी पेन घेतले. ते डोळे मिटून सांगू लागले. त्यांची भाषा ओबडधोबड होती आणि मी ती नेहमीप्रमाणे नीट करून लिहीत गेलो. दिनांक, वार, वेळ सकाळी सात वाजून दहा मिनिटे. रस्ता कोरडा, उजेड पुरेसा. वाहन सुस्थितीत.

"फुडं लिव्ह. वाहकानं नेमाप्रमानं सगळं बघून दोन घंट्या दिल्या."

मी लिहिले, 'वाहकाने नियमानुसार'. पेन तेथे थांबले.

"लिव्हलंस?"

"लिहितोय."

"चालकाचा अंगठा पट्टीवरनं वक्तशीर सुटला न्हाई. त्याला त्याची शुद्ध न्हवती. अपघाताला चालक जबाबदार."

आतल्या खोलीत माधुरी मुलांच्या वह्या तपासत होती. तिच्या पेनाचा बरोबरच्या खुणा करण्याचा आवाज मला ऐकू येत होता. सतरा वर्षांत मी अनेक जबाब लिहिले होते. प्रवाशांच्या भांडणाचे, हरवलेल्या गाठोड्यांचे, एकदा धावत्या गाडीत झालेल्या बाळंतपणाचे. त्यांत एक अक्षर खोटे नव्हते. मी 'नियमानुसार' या शब्दावर रेघ मारली आणि त्यापुढे माझ्या मनाने लिहू लागलो.

"एवढं काय लिव्हतोस? मी दोनच वाक्यं सांगितली."

"थांबा."

लिहून झाल्यावर मी कागद हातात घेतला. वाचताना माझा आवाज वाहकाच्या आवाजासारखा मोठा लागला, याचे मलाच आश्चर्य वाटले.

"'वाहकाने वाहन पडवीतून बाहेर काढताना आसनाखालील लाल दांडी खाली केली. वाहन फरशीवर आणल्यावर ती वर करणे हे वाहकाचे काम होते. वाहक टोपी आणण्यास आत गेला व ती गोष्ट विसरला. परत आल्यावर त्याने दांडी पाहिली नाही आणि दोन घंट्या दिल्या. दांडी खाली असल्याकारणाने मोटर चाकांना धरीत नव्हती. चालकाने पट्टी वेळेवर सोडली होती. पट्टी सोडूनही वाहन थांबणे शक्य नव्हते. अशा स्थितीत चालकाने वाहन उतारावर आडवे न घेता सरळ ठेवले, रस्त्यावरील बाईस सावध केले व वाहन वाळूत घालून थांबविले. दांडी खाली असल्याचे वाहकास त्याच ठिकाणी, त्याच वेळी समजले होते. ते त्याने आजपर्यंत सांगितले नाही. अपघातास वाहक जबाबदार.'"

मी खाली सही केली. सोपान गणपत घाडगे.

आतले पेन थांबले होते. माधुरी दारात उभी होती.

बाजीरावांनी डोळे उघडले. मग त्यांनी विचारले, "दांडी खाली व्हती?"

"होय."

"म्हंजे ह्यो अंगठा..."

"अंगठा बरोबर होता. हातही बरोबर होता. तुम्ही सोडली होती."

त्यांनी उजवा हात पुढे केला आणि समोरचे पेन उचलले. उगाच. ते बोटांत धरून पाहिले, टोपण काढले, लावले आणि पुन्हा पाटीवर ठेवले. ते रडतील असे मला वाटले होते, किंवा मला शिव्या देतील असे. दोहोंपैकी काहीही झाले नाही. ते खिडकीतून बाहेर, उताराच्या दिशेने पाहत होते, एखाद्या अवघड वळणाचा अंदाज घ्यावा तसे.

"सरळ ठिवली म्हणून वाचलो," ते अखेर म्हणाले. "आडवी घेतली असती तर उलटून रखमीवर गेलो असतो."

"होय."

"म्हंजे गाडी म्या उतरवली. बिनब्रेकची."

"होय, बाजीराव."

"काका," माधुरी म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "पाच दिवस?"

मी मान वर केली नाही.

"ते चहा दोन हातांनी प्यायला लागले. दिवा लावायचं सोडलं. तुम्ही रोज समोर बसून बघत होतात. पाच दिवस, काका?"

मी उठलो, चपला घातल्या. बाजीराव म्हणाले, "मास्तर, कागद हितंच ठिव." मी कागद ठेवला आणि घरी आलो.

रविवारी टेम्पो आला नाही. माधुरीने विक्रमला फोन करून तो रद्द करविल्याचे मला रखमाबाईकडून समजले. सोमवारी मी गेलो नाही. मंगळवारी सकाळी सहालाच फाटकाबाहेरून माझ्या दारापर्यंत हाक आली. सपकाळांचे घर माझ्यापासून चार घरे पलीकडे आहे, यावरून ती हाक केवढी असेल याची कल्पना करावी.

मी गेलो तेव्हा गाडी फरशीवर उभी होती. ती कुणी बाहेर काढली हे मी विचारले नाही. माधुरीच्या पदराला वंगण लागलेले होते. ती माझ्याकडे न पाहता आत गेली.

बाजीराव कुबड्यांवर उभे होते. त्यांनी एक कुबडी माझ्या हाती दिली, दुसरीवर भार घेतला आणि गाडीच्या पाठीमागे गेले. सतरा वर्षांत मी त्यांना कधी गाडीच्या मागे गेलेले पाहिले नव्हते. ते वाकले. वाकताना त्यांचा तोल जाऊ लागला म्हणून मी पुढे झालो, परंतु त्यांनी मानेनेच नको म्हटले. त्यांनी लाल दांडी हाताने चाचपली, वर ओढली, पुन्हा एकदा ओढून पाहिली. मग दोन्ही हातांनी आसनाची पाठ धरून गाडी ढकलून पाहिली. गाडी हलली नाही. हे सर्व होण्यास बराच वेळ लागला. त्यानंतर ते पुढे आले, माझ्या हातची कुबडी परत घेतली, किल्ली बंद आहे हे पाहिले, बसले, कुबड्या स्वतःच मागे हात वळवून पट्ट्यात अडकविल्या. पहिल्या प्रयत्नात एक निसटली. दुसऱ्या प्रयत्नात बसली.

मी सवयीने मागे जाऊन उभा राहिलो.

"मास्तर," ते म्हणाले.

"बोला."

"तू घरी जा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. ड्युटी संपल्यावर ते याच आवाजात मला घरी जा म्हणत.

"उतार आहे," मी म्हणालो.

"म्हाईत हाय."

त्यांनी किल्ली फिरविली. बटण कासवावर आहे की नाही हे बोट लावून पाहिले. मग माझ्याकडून काहीही न ऐकता पट्टी दाबली. फरशीच्या कडेला चाके अडली. माझा हात पुढे झाला होता, तो मी मागे घेतला. त्यांनी थोडे मागे घेऊन पुन्हा पुढे नेली आणि गाडी उतरली. दहा पावलांवर त्यांनी पट्टी सोडली. गाडी जागच्या जागी थांबली. पुन्हा दाबली, पुन्हा सोडली. थांबली. मग ते सरळ खाली जात राहिले. वळणावर गाडी मंदावली. रखमाबाईने काहीतरी विचारले, त्यांनी काहीतरी उत्तर दिले, आणि ते दिसेनासे झाले.

मी फाटकाशीच उभा होतो. माझ्या मागे माधुरी केव्हा येऊन थांबली ते मला समजले नाही.

"गेले?"

"गेले."

"आणि तुम्ही?"

"मला घरी जायला सांगितलं आहे."

ती काही वेळ रस्त्याकडे पाहत राहिली. शाळेत जाण्याची तिची वेळ होत आली होती, तरी तिने अजून साडी बदललेली नव्हती.

"बसा," ती म्हणाली. "ते येईपर्यंत मलाही कुणीतरी पाहिजे."

तिने ओट्यावर सूप आणले व त्यात लसणाचे गड्डे ओतले. आम्ही दोघे समोरासमोर बसून सोलू लागलो. रस्त्याकडे पाहावयाचे नाही, असे जणू दोघांचे ठरले होते. सुपात पाकळ्यांचा ढीग झाला. एवढा लसूण त्या घरास महिनाभर पुरला असता. खालून चढावर येणारी मोटरची घरघर ऐकू आली तेव्हा माधुरी उठू लागली. मी हाताने खूण केली. ती पुन्हा बसली आणि तिने पुढचा गड्डा फोडला.